आमची वाटचाल : फोनमधला इनबॉक्स

छोट्या व्यवसायांच्या ईमेलची घडी बसवून देणं हे आमच्या फर्मचं काम. ऑर्डरी, कोटेशनं, बिलं, बँकेच्या सूचना, तक्रारी सगळं एकाच पत्त्यावर येऊन पडतं आणि मालकाला हवा तो मेल हव्या त्या वेळी सापडत नाही, तिथे आम्हाला बोलावतात. सुरुवात मात्र हिशेब लिहिण्यापासून झाली. ग्राहकाकडे बिल मागितलं की 'शोधून पाठवतो' असं उत्तर यायचं आणि वर्षअखेरीस आमचं सगळं काम त्या शोधाशोधीवर अडायचं. म्हणून आम्ही आधी त्यांचे इनबॉक्स लावून द्यायला लागलो. पुढे तोच मुख्य व्यवसाय झाला.

आमचा सगळा भर लेबलांवर. जीमेल २००४ साली आलं तेव्हापासून त्यात फोल्डरऐवजी लेबलं आहेत, आणि हा फरक ग्राहकाला नीट पटला की पुढचं काम निम्मं होतं. फोल्डरमध्ये मेल एका जागी ठेवला की तो तिथलाच. लेबलं मात्र एका मेलवर कितीही लावा. एखाद्याने जुन्या बिलाचे पैसे भरल्याचं कळवताना त्याच मेलमध्ये नवी ऑर्डर दिली, तर तो मेल दोन्हीकडे दिसायला हवा आणि लेबलांमुळे तो दिसतो. शिवाय इनबॉक्स हेसुद्धा एक लेबलच आहे. अर्काइव्ह करणं म्हणजे तेवढं एक लेबल काढणं. मेल खात्यात जसाच्या तसा राहतो आणि त्यावर कुणी उत्तर पाठवलं की संभाषण पुन्हा इनबॉक्समध्ये येतं. लेबल पुसलं तरी त्याखालचे मेल पुसले जात नाहीत. मेलच डिलीट केला तर मात्र तो सगळ्या लेबलांखालून जातो. हे सांगायला आम्ही मुद्दाम वेळ घेतो, कारण अर्काइव्हला घाबरून हजारो मेल इनबॉक्समध्येच ठेवणारी मंडळी आम्हाला सतत भेटतात. त्यांची भीती खरी असते. एक मेल हरवला तर त्यांचं एक गिऱ्हाईक जातं.

सुरुवातीची सगळी मांडणी आम्ही संगणकावर करायचो. प्रत्येक ग्राहकाचं लेबल, त्याखाली उपलेबल, वेगवेगळे रंग. पुढे मालकमंडळी मेल फोनवरच वाचायला लागली आणि रुंद पडद्यावर शोभणारी ती यादी अंगठ्याने सरकवता सरकवता नकोशी व्हायला लागली. तिथे आमची पद्धत मुळापासून बदलली. आता लेबलाचं नाव मेल कुणाचा आहे हे सांगत नाही, पुढे काय करायचं आहे ते सांगतं. 'उत्तर द्यायचं', 'येणं', 'देणं', 'वाट पाहतोय', 'जपून ठेवायचं' एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. पाठवणाऱ्याचं नाव शोधपट्टीत टाकून केव्हाही मिळतं, त्यासाठी लेबल खर्ची घालू नये असं माझं ठाम मत आहे. यादी नावांच्या क्रमाने लागते, म्हणून महत्त्वाच्या नावांआधी आकडा घालतो, म्हणजे ती वर राहतात.

फिल्टर, म्हणजे येणाऱ्या मेलना आपोआप लेबल लावणारे नियम, अजूनही संगणकावरच्या ब्राउझरमध्येच करून घ्यावे लागतात, फोनच्या अ‍ॅपमध्ये ती सोय नाही. अँड्रॉइडच्या अ‍ॅपमध्ये तर बरीच वर्षं नवं लेबलसुद्धा तयार करता येत नव्हतं. म्हणून पहिल्या बैठकीत आम्ही संगणकावर बसतो, बँकेच्या आणि बिलांच्या मेलना आपोआप लेबल लागेल असे फिल्टर लावतो आणि जुन्या मेलनाही ते लागू करायची खूण करतो. बिलांसाठी आणखी एक युक्ती आहे. आपल्या जीमेल पत्त्यात अ‍ॅट चिन्हाच्या आधी अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द घातला तरी मेल आपल्याकडेच येतो. तो पत्ता फक्त बिलांसाठी द्यायचा आणि फिल्टर त्यावरच लावायचा. ग्राहकांचे मेल मात्र इनबॉक्स चुकवून थेट लेबलाखाली जाऊ द्यायचे नाहीत, हा नियम आम्ही कुणासाठीही मोडत नाही.

बाकी सगळं फोनवर. एका मेलवर बोट दाबून धरलं की तो निवडला जातो, मग बाकीचे टिचकीने निवडायचे आणि तीन ठिपक्यांच्या मेनूत जायचं. तिथे 'लेबल' आणि 'मूव्ह टू' हे वेगळे पर्याय आहेत. लेबल लावलं तर मेल इनबॉक्समध्ये राहतो, मूव्ह केला तर तिथून निघतो. स्वाइपच्या सेटिंगमध्ये एका बाजूला अर्काइव्ह आणि दुसऱ्या बाजूला मूव्ह टू ठेवतो. डिलीट स्वाइपवर ठेवतच नाही, कारण घाईत बोट कुठेही सरकतं.

सर्वांत जास्त आभार मिळतात ते नोटिफिकेशनसाठी. अँड्रॉइडवर खात्याच्या सेटिंगमध्ये 'मॅनेज लेबल्स' आहे. तिथे हव्या त्या लेबलचं सिंक, म्हणजे त्याखालचे मेल फोनवर उतरवणं, चालू करावं लागतं, त्याशिवाय त्याचं नोटिफिकेशन येत नाही. फिल्टरने 'येणं' लागलेला मेल आला तरच फोन वाजेल आणि जाहिराती आल्या तर गप्प राहील, असं लावून दिलं की माणूस सुटकेचा श्वास सोडतो. मला हे काम आवडतं ते यासाठी.

फोनमधलंच दुसरं मेल अ‍ॅप वापरणाऱ्यांना लेबलं बहुधा फोल्डरसारखी दिसतात आणि दोन लेबलांचा मेल दोनदा आल्यासारखा वाटतो. अशा वेळी आम्ही अ‍ॅप बदलायला सांगतो.

सध्या आमच्याकडे येणाऱ्या फर्ममध्ये दोघं-तिघं मिळून मेल सांभाळतात. लेबल फक्त आपल्याच खात्यात दिसतं, समोरच्याला किंवा आपल्याच सहकाऱ्याच्या वेगळ्या खात्यात ते कळत नाही. म्हणून सर्वांच्या फोनवर तेच सामायिक खातं जोडतो आणि 'वाट पाहतोय' कुणी, केव्हा काढायचं हे आधी ठरवून घेतो. आठवड्यातून एकदा शोधपट्टीत इंग्रजीतून, मध्ये जागा न सोडता, 'हॅज:नोयूजरलेबल्स' टाकायला शिकवतो. कोणतंच लेबल न लागलेले मेल त्यात समोर येतात, आणि त्यावरून पुढचा फिल्टर कोणता हवा ते ग्राहक आता स्वतःच फोन करून सांगतात.