एकरी सव्वीस क्विंटल: रिओहाच्या द्राक्षबागांत अण्णांबरोबर

आमची बाग निफाड तालुक्यात. अण्णांनी चाळीस वर्षं द्राक्षं लावली, पण वाइनचा थेंब कधी चाखला नाही. गळ्यात तुळशीची माळ आहे. त्यामुळे वाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या स्पेनमधल्या रिओहाला जाऊ म्हटल्यावर घरात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. अण्णांनी मात्र एकच विचारलं, "तिथं बाग कशी धरतात, ते बघायला मिळेल का?" आमची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात असते. तोवर दादा बाग बघतो म्हणाला, आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही निघालो. ऐन तोडणीचे दिवस ते. जायचं असेल तर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य हाच काळ धरा. शेंगेन व्हिसाची तारीख मात्र दोन-तीन महिने आधीच बघून ठेवा.

विमान बिल्बाओचं घ्या, माद्रिदचं नको. मुंबईहून मध्ये एक विमान बदलावं लागतं, पण बिल्बाओहून रिओहाची राजधानी लोग्रोन्यो बसने दोन तासांवर आहे आणि तो रस्ताच तुम्हाला हा प्रदेश समजावून सांगतो. बिल्बाओत पावसाची झिमझिम होती, डोंगर हिरवेगार. तास-सव्वा तासाने एब्रो नदी जिथं डोंगर फोडून आत शिरते ती खिंड ओलांडली आणि ऊन पडलं. खाली पिवळट माती आणि दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर द्राक्षं. मागे वळून पाहिलं तर कांताब्रिया डोंगररांगेच्या धारेवर ढग अडून बसलेले, थोडे अलीकडे सांडत होते आणि सांडता सांडता विरून जात होते. अण्णा म्हणाले, "म्हणजे हे इगतपुरीला धो धो आणि निफाडला ऊन, तसंच झालं की!" अगदी तसंच आहे. समुद्राकडून येणारा ओलावा ही भिंत अडवते, म्हणून इथं द्राक्ष पिकतं.

(नाव रिओजा नाही, रिओहा. आणि वाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या Haro या गावाच्या नावातला एच स्पॅनिशमध्ये मुका असतो, म्हणून 'आरो' म्हणा. बस विचारताना फरक पडतो.)

मुक्काम आम्ही दोन रात्री लोग्रोन्योत आणि चार रात्री लाग्वार्दियात केला. हीच विभागणी मी कुणालाही सांगेन. लाग्वार्दिया हे टेकडीवरचं तटबंदीचं गाव. आत मोटारी सोडत नाहीत, कारण गावाच्या पोटात दोनशेहून अधिक तळघरं खोदलेली आहेत. त्यांना कालादो म्हणतात. पूर्वी संकटकाळी लपायला, पुढे वाइन ठेवायला. वर ऊन असो की बर्फ, खाली गारवा तोच. सामान वेशीपासून हातात न्यावं लागतं आणि गल्ल्या दगडी आहेत, म्हणून चाकांची मोठी बॅग आणू नका. लोग्रोन्योहून बसने अर्धा तास लागतो, पण रविवारी बस फार कमी असतात.

लाग्वार्दियाच्या तटाबाहेर पडलात की पाच मिनिटांत बागेत. दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही सान बिसेंतेच्या दिशेने चालत निघालो आणि एका जुन्या बागेशी थांबलो. मालक सत्तरीचा असावा. बरोबर चार माणसं, हातात छोटे विळ्यासारखे वाकडे कोयते. आम्ही भारतातले द्राक्षवाले आहोत, एवढं फोनवरून भाषांतर करून सांगितलं आणि त्याने हाताने 'या' केलं.

अण्णा पहिल्या वेलीशी उकिडवे बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. मांडव नाही, तार नाही, खांब नाही. जमिनीतून एक काळं, पिळवटलेलं खोड गुडघ्याएवढं वर आलेलं, त्याला तीन हात, प्रत्येक हातावर दोन आखूड खुंट, आणि प्रत्येक खुंटावर दोन डोळे, म्हणजे जिथून नवी फूट येते ते कोंब, राखायचे. तीन गुणिले दोन गुणिले दोन, बारा. बाराच्या वर डोळे ठेवायचे नाहीत असा नियम आहे. ही वेल मालकाच्या आजोबांनी लावलेली. आमच्याकडे बाग पंधरा-अठरा वर्षांची झाली की खाली बसते आणि आपण ती उपटून टाकतो. अण्णा त्या खोडावर तळहात ठेवून बसले होते. मग म्हणाले, "हिला झोप मिळते ना." खरं आहे ते. इथं थंडीत पानगळ होते, वेल चार महिने निजते, हिवाळ्यात एकदा छाटणी झाली की संपलं. आमच्या वेलीला निजू देत नाही आपण. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी, वर्षभर ती पळतच असते.

मणी बघून तर ते आणखी चक्रावले. निर्यातीच्या द्राक्षाची फुगवण अठरा मिलिमीटर व्हावी म्हणून आम्ही जिवाचं रान करतो. इथं मणी वाटाण्याएवढा, आणि तो लहानच हवा, कारण रंग आणि वास सालीत असतो. मणी लहान म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त. ही टेंप्रानियो जात. स्पॅनिशमध्ये तेंप्रानो म्हणजे लवकर. ही इतरांच्या आधी पिकते. भाताची हळवी जात म्हणतो आपण, तसं. तिच्या जोडीला गार्नाचा, ग्रासियानो, मासुएलो या काळ्या जाती आणि पांढऱ्यात विउरा.

मग उत्पादनाचा विषय निघाला. काळ्या द्राक्षाला हेक्टरी साडेसहा हजार किलो ही इथली मर्यादा. मी फोनवर हिशेब केला.

"एकरी सव्वीस क्विंटल, अण्णा."

"सव्वीस? निघतात की काढतात?"

"त्याच्यावर काढायचेच नाहीत. जास्त काढलं तर रिओहाचं नाव लावता येत नाही."

आम्ही एकरी शंभर क्विंटलच्या गोष्टी करणारी माणसं. अण्णा काही बोलले नाहीत, पण संध्याकाळपर्यंत ते सव्वीस त्यांच्या डोक्यात फिरत होते. परत येताना त्यांनी विचारलं, "आणि ही वाइन बाजारात येते कधी?" मी सांगितलं. क्रियान्सा म्हणजे किमान दोन वर्षं मुरवलेली, त्यातलं एक वर्ष ओकच्या पिंपात. रेसेर्वा तीन वर्षं, ग्रान रेसेर्वा पाच. "आपल्याला आठ दिवस माल ठेवता येत नाही," ते म्हणाले, "हे एवढं थांबणं परवडतं कुणाला?"

या प्रश्नाभोवतीच सगळं रिओहा आहे असं मला वाटतं. थांबणं शेतकऱ्याला परवडत नाही, इथंही नाही. बहुतेक छोटे बागायतदार द्राक्षं किलोने बोदेगाला, म्हणजे वाइन करणाऱ्या घराला, नाहीतर सहकारी संस्थेला देतात. त्या म्हाताऱ्या मालकानेही भावाची तक्रार केलीच; तांबड्या वाइनचा खप जगभर उतरलाय, त्याचा चटका आधी बागेला बसतो. थांबतो तो बोदेगा, आणि ते करायला भांडवल लागतं. हे भांडवल आणि ही पद्धत आली कुठून, ते बघायला आरोला जा.

आरोचं स्टेशन ही तिथली खरी जागा. १८६३ च्या सुमारास इथं रेल्वे आली. त्याच काळात फ्रान्सच्या बागा फिलॉक्सेरा नावाच्या मुळावरच्या किडीने बसायला लागल्या आणि बोर्दोचे व्यापारी वाइन शोधत इकडे उतरले. पिंपं रुळापर्यंत न्यायला सोपं म्हणून बोदेगा स्टेशनला खेटूनच उभ्या राहिल्या. लोपेस दे एरेदिया १८७७ ची, कुने १८७९ ची, ला रिओहा आल्ता १८९० ची. अजूनही त्या एकमेकींच्या शेजारी आहेत. रस्ता ओलांडला की पुढची. गावाला पैसा इतका आला की विजेचे दिवे स्पेनमध्ये सगळ्यात आधी आले त्या गावांत आरो होतं. 'आलंच आरो, दिवे दिसायला लागले' ही म्हण तिथं अजून आहे. लोग्रोन्योहून आगगाडीने जाता येतं. गाड्या दिवसात मोजक्याच, तेव्हा परतीची वेळ आधी बघा.

एका तळघरात (नाव देत नाही) आम्हाला वीसजणांच्या घोळक्यात हाकललं, दर पाच मिनिटांनी "पुढे, पुढे", आणि शेवटी दुकानात नेऊन सोडलं. म्हणून सांगते: दिवसात एकच बोदेगा घ्या, फार तर दोन. आठवडाभर आधी संकेतस्थळावरून वेळ ठरवा आणि लहान गट मागा. दुसऱ्या ठिकाणी आम्ही पाचजणच होतो आणि तिथं नशिबाने पिंप बदलण्याचं काम चालू होतं. २२५ लिटरचं पिंप. त्यातली वाइन पंप न लावता, आपल्या वजनाने खालच्या पिंपात उतरवायची, म्हणजे तळाचा गाळ मागे राहतो. कामगार एका हातात मेणबत्ती आणि एका हातात पेला धरून बसला होता. ज्योतीसमोर पेला धरायचा, लाल रंग स्वच्छ दिसला की चालू द्यायचं. एका क्षणी पेल्यात धुरासारखी एक रेघ आली. आम्हाला ती दिसायच्या आत त्याने तोटी बंद केली होती. रिकामं पिंप धुऊन आत गंधक जाळतात. वास आला तशी अण्णांची कळी खुलली: "गंधक! आपण भुरीला मारतो तेच!" (भुरी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग.) त्या माणसाला ते भाषांतर करून सांगितलं तर तो म्हणाला, आम्हीही भुरीला तेच मारतो.

माळकऱ्यांसाठी आणि न पिणाऱ्यांसाठी: बिनदिक्कत जा. प्रत्येक बारमध्ये 'मोस्तो' मिळतो, न आंबवलेला द्राक्षाचा रस, गार आणि बहुधा ऑलिव्ह घालून. अण्णांनी आठवडाभर तोच घेतला, कुणी भुवई उंचावली नाही. मी वाइन चाखली, पण घोट थुंकायला भांडं ठेवलेलं असतं ते वापरायला लाजू नका. गाडी तुम्हीच चालवणार असाल तर तर नक्कीच. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला अर्धा ग्रॅम आहे आणि तपासणी होते. कडक शाकाहारी असाल तर वाइन निवळायला अंड्याचा पांढरा बलक वापरतात का, तेही विचारा. रिओहात ही जुनी रीत आहे.

खाण्याचं खरंच आधी ठरवून ठेवा. दुपारचं जेवण दोननंतर, रात्रीचं नऊनंतर. मध्ये स्वयंपाकघरं बंद. लोग्रोन्योची काये लाउरेल ही गल्ली रात्री भरते. एकेका बारची एकेक खासियत, तिथं उभ्याने एक घास खायचा आणि पुढच्या दारात जायचं. मशरूमची चळत प्रसिद्ध आहे, तिच्यावर कोळंबी असते, 'सिन गांबा' म्हणालात तर काढून देतात. पण तवा तोच असतो. बटाट्याच्या रश्श्यात चोरिसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज), भाज्यांच्या मेनेस्त्रामध्ये बरेचदा हॅम. नुसतं 'शाकाहारी' म्हटलं तर ट्यूना चालेल असं समजतात. 'नी कार्ने, नी हामोन, नी आतून' (मांस नको, हॅम नको, ट्यूना नको) असं नाव घेऊन सांगा. आम्ही थेपले आणि मेतकूट नेलं होतं, लाग्वार्दियात खोलीला छोटं स्वयंपाकघर घेतलं, त्यामुळे निभावलं. बाजारातल्या पिकियो मिरच्या आणि टोमॅटो फार चवदार आहेत.

बाटली घ्यायची तर मागच्या बाजूचा शिक्का बघा: साधी हिरवी, क्रियान्सा लाल, रेसेर्वा गडद तांबडी, ग्रान रेसेर्वा निळी. आपल्याकडे माणशी दोन लिटरच शुल्काशिवाय आणता येतात.

एल्सिएगो गावातलं वास्तुकार फ्रँक गेरीने बांधलेलं हॉटेल लांबून बघितलं, तेवढं पुरे झालं. सान मियानचे मठ मात्र चुकवू नका. तिथल्या एका लॅटिन पोथीच्या समासात कुणा साधूने अवघड शब्दांचे अर्थ लोकांच्या बोलीत लिहून ठेवले, स्पॅनिश आणि बास्क दोन्हींचे ते फार जुने लिखित नमुने आहेत. हे अण्णांना समजावून सांगावं लागलं नाही. वरच्या सुसो मठाला खालच्या मठातून ठरलेली छोटी बसच जाते; आधी नोंदणी करा.

आणि एक दिवस चाला. सान्तियागोची वारी, कामिनो, लोग्रोन्योतून नावार्रेतेला जाते, बारा-तेरा किलोमीटर, बराच रस्ता बागांमधून. पाठीवर शिंपला बांधलेली माणसं मागून येतात आणि "बुएन कामिनो" म्हणत पुढे जातात. पहिल्या तिघांना अण्णा नुसतं हसले. चौथ्याला त्यांनी हात जोडून "राम कृष्ण हरी" म्हटलं आणि तो माणूसही थांबून हात जोडून गेला. पुढे सगळ्यांना तेच. परतीला बस आहे.

शेवटी ब्रियोनेसचं वाइन संग्रहालय. बाहेर दोनशेवर जातींच्या वेली लावलेल्या आहेत. द्राक्षवाल्याने तिथं अर्धा दिवस ठेवावाच. त्या बागेत बसून मी अण्णांना फिलॉक्सेराची उरलेली गोष्ट सांगितली: अमेरिकेतून हौसेने आणलेल्या वेलींबरोबर ती कीड युरोपात आली, फ्रान्स बुडाला तेव्हा रिओहा वर आलं, आणि १८९९ मध्ये ती इथंही पोचली. तेव्हापासून इथली जवळपास प्रत्येक वेल अमेरिकन खुंटावर कलम केलेली आहे, आपल्याकडे डॉगरिज खुंटावर करतात तशीच.

अण्णा गप्प झाले. पहिल्या दिवशी त्या म्हाताऱ्या मालकाने त्यांना टेंप्रानियोची एक काडी कापून दिली होती. ती त्यांनी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून खोलीतल्या न्हाणीघरात ठेवली होती, हे मला माहीत होतं. अशी काडी परवानगीशिवाय आणता येत नाही, हे त्यांना कसं सांगावं याच विचारात मी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बस यायच्या आधी ते म्हणाले, जरा बागेपर्यंत जाऊन येऊ. तिथं राखणदाराची जुनी दगडी खोपी आहे, तिच्या आडोशाला गेल्या छाटणीच्या काड्यांच्या मोळ्या रचलेल्या होत्या; त्यांच्या निखाऱ्यावर इथं मांस भाजतात. अण्णांनी कागद सोडवला, काडीचे डोळे एकदा अंगठ्याने मोजले आणि ती एका मोळीत खोचली.

"काडीबरोबर काय येईल सांगता येत नाही," ते म्हणाले. "राहू दे इथंच. कुणाच्या तरी चुलीला होईल."