आमची वाटचाल: कुर्ल्यातला पंपाचा गाळा

आमचे बाबा परळच्या एका गिरणीत फिटर होते. १९८२ चा संप लांबत गेला, गिरणी परत सुरू होईल ही आशा सुटली आणि ते कुर्ल्यात एका डिझेल मिस्त्रींच्या हाताखाली लागले. पुढे जवळच्याच गल्लीत छोटा गाळा भाड्याने घेतला, पंप तपासायचं यंत्र, म्हणजे एक वापरलेलं टेस्ट बेंच आणलं आणि मायको कंपनीच्या इनलाइन पंपांचं, म्हणजे इंजिनाला दाबाने डिझेल पुरवणाऱ्या पंपांचं काम सुरू केलं. गिऱ्हाईक म्हणजे दारुखान्यात लोखंड भरणारे आणि वडाळ्याला मुक्काम टाकणारे टाटा-लेलँडवाले.

तेव्हाची रीत अशी की ट्रकवाला नुसता पंप सोडून आणणार, आम्ही कॅलिब्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला किती डिझेल जातं ते जुळवून देणार आणि बसवणारा मिस्त्री टायमिंग, म्हणजे ते डिझेल नेमकं कधी सुटतं, ते कानाने धरणार. ही रीत आम्ही मोडली. त्याला कारण माझीच चूक.

मी नवा होतो. बाबा गावी गेलेले. एक ओळखीचे ड्रायव्हर सळया भरून नाशिकला निघाले होते. म्हणाले, "मिस्त्री, कसाऱ्याला गाडी दम धरत नाही, जरा टायमिंग पुढं घ्या." मी बोल्ट सैल केले, पंप अंदाजाने फिरवला, आवाज कडक झाला, पिकअप आला. ड्रायव्हर खूश. रात्री घाटात हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग गेलं. टायमिंग फार अ‍ॅडव्हान्स झालं की पिस्टन अजून वर येत असतानाच डिझेल पेटतं आणि तो सगळा दाब पिस्टन, बेअरिंग आणि गॅस्केटवर येतो. त्या गाडीचं पूर्ण काम आम्ही पदरचे पैसे घालून करून दिलं. बाबा ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "नळी लावली होतीस का?"

ती नळी म्हणजे स्वान नेक, हंसाच्या मानेसारखी वाकवलेली बारीक पाईप. पंपाच्या पहिल्या नंबरच्या एलिमेंटचा, म्हणजे एक नंबर सिलिंडरला डिझेल देणाऱ्या भागाचा डिलिव्हरी वॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून ठेवायची, होल्डर परत बसवायचा आणि त्यावर ही नळी लावायची. लिव्हर फुल लोडला. हँड प्रायमर मारला की नळीतून डिझेलची धार लागते. मग इंजिन हाताने, चालतं त्याच दिशेने सावकाश फिरवायचं. प्लंजर, म्हणजे पंपातला दट्ट्या, वर चढून बॅरलचं, म्हणजे तो ज्यात सरकतो त्या नळकांड्याचं भोक झाकू लागला की धार बारीक होते, तुटते, थेंब पडू लागतात. थेंब थांबायला आले की इंजेक्शन तिथून सुरू होतं. त्या क्षणी पुलीवरची किंवा फ्लायव्हीलवरची खूण काट्यासमोर हवी. थेंब आधीच थांबले तर टायमिंग अ‍ॅडव्हान्स, खूण पुढे गेल्यावर थांबले तर लेट. मग फ्लँजच्या लांबट भोकांत पंप केसभर सरकवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. खूण ओलांडली गेली तर इंजिन भरपूर मागे घेऊन परत पुढे आणायचं, नाहीतर गिअरच्या दात्यांमधली ढील फसवते. आणि सगळ्यात आधी, एक नंबरचा सिलिंडर कॉम्प्रेशनवरच, म्हणजे हवा दाबायच्या फेरीवरच आहे ना, हे बघायचं. सहा सिलिंडरच्या गाडीत तेव्हा सहा नंबरचे दोन्ही वॉल्व्ह हलत असतात.

गॅस्केटच्या त्या प्रकारानंतर बाबांनी माझ्याकडून एकापाठोपाठ दहा गाड्यांचं टायमिंग नळी लावून करून घेतलं. तेव्हापासून आमच्याकडे टायमिंग गाडीवर, आम्हीच बघतो. वेळ जातो, काही गिऱ्हाईकं तुटली. पण लेट टायमिंगचा पांढरा धूर घेऊन दारोदार फिरलेल्या गाड्या शेवटी आमच्याकडेच यायच्या.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठीचं पाणी आमच्या गाळ्यात छातीपर्यंत चढलं. बेंचची मोटर गेली, टेस्ट ऑइलची पिंपं तरंगत रस्त्यावर गेली. त्यानंतरचे कित्येक आठवडे बुडालेले ट्रक येत होते. आम्ही सगळ्यांना एकच सांगत होतो, सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकेल. प्लंजर आणि बॅरलमधली फट काही मायक्रॉनची असते, तिथे गंज चढला की जोडीच बदलावी लागते. सुट्टा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये चालत नाही. बाबा ऑगस्टभर रात्री गाळ्यातच झोपत. ते दिवस आठवले की आजही त्यांचे डिझेलने पांढरे पडलेले हात दिसतात.

एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे कडक नियम आले. नव्या गाड्यांत टायमिंग संगणक ठरवतो, पंप फिरवायची सोयच नाही. आम्ही अशा गाड्यांच्या कॉमन रेल इंजेक्टरचं, म्हणजे संगणकाच्या हुकमावर डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरचं टेस्टर घेतलं, माझा भाचा ते काम बघतो आणि चांगलं बघतो. तरी क्रेन, जनरेटर, जुने टँकर येतातच, कधी पीयूसीत धुरामुळे नापास होऊन. त्यांच्यासाठी बाबांची तांब्याची नळी आजही बेंचच्या वरच्या खिळ्याला आहे.

जुन्या गाडीचा पंप द्यायचा असेल तर सोडून आणू नका, गाडीच घेऊन या. सकाळी लवकर आलात तर इंजिन थंड असतं, काम बरं होतं.