फायमोसिस : घाई कुठे नको आणि उशीर कुठे नको

शिश्नाच्या टोकावरची कातडी मागे सरकत नसेल तर त्या अवस्थेला फायमोसिस म्हणतात. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात औषधांचे दुकान चालवताना ही तक्रार माझ्यापर्यंत दोन वाटांनी येते. एक तर दोन-तीन वर्षांच्या मुलाची आई किंवा आजी येते. ती घाबरलेली असते, पण मोकळेपणाने बोलते. नाहीतर पन्नाशीच्या आसपासचा एखादा गृहस्थ येतो, गर्दी ओसरेपर्यंत बाहेर उभा राहतो आणि मग ‘खाजेची एक ट्यूब द्या’ एवढेच म्हणतो. यातल्या लहान मुलाला बहुधा कसल्याच औषधाची गरज नसते आणि त्या गृहस्थांना मात्र डॉक्टरांनी तपासणे आवश्यक असते. प्रत्यक्षात मुलाला दवाखाने दाखवून होतात आणि गृहस्थ ट्यूब घेऊन घरी जातात.

जन्मतः ही कातडी आतल्या टोकाला चिकटलेलीच असते. ती वयाबरोबर हळूहळू आपोआप सुटत जाते. काही मुलांची तीन-चार वर्षांत सुटते, तर काहींची वयात येईपर्यंत. डेन्मार्कमधील याकोब ऑस्टर यांनी शाळकरी मुलांना वर्षानुवर्षे तपासून १९६८ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सोळा-सतरा वर्षांच्या मुलांपैकी साधारण एक टक्का मुलांतच कातडी घट्ट राहिलेली आढळली. लघवी करताना टोकाशी क्षणभर फुगा येतो, तो धार नीट असेल आणि मूल रडत नसेल तर काळजीचा नाही. कातडीखाली पांढऱ्या-पिवळ्या गाठी दिसतात, त्यांना पू समजून अँटिबायोटिक मागणारे पालकही पुष्कळ येतात. त्या गाठी म्हणजे साठलेल्या मृत पेशी असतात आणि कातडी सुटत जाते तशा त्या आपसूक बाहेर पडतात.

खरा अपाय होतो तो न्हाणीघरात. आपल्या भागात बाळाला न्हाऊ घालायला येणारी मावशी फार जाणती असते, तिच्या हाताखालून गावातली निम्मी मुले गेलेली असतात. पण पाय लांब करून, बाळाला नडगीवर घेऊन, तेलाने माखलेल्या अंगठ्याने ती रोज ‘जागा मोकळी’ करते, तेव्हा त्या नाजूक कातडीला बारीक चिरा पडतात. चिर भरताना व्रण होतो, व्रण आकसतो, आणि जी कातडी चार वर्षांनी आपोआप सुटली असती ती कायमची आवळली जाते. काही डॉक्टरही आईला ‘आंघोळीच्या वेळी मागे ओढत जा’ असे सांगतात, हे मला अजिबात पटत नाही. बाहेरून साध्या पाण्याने धुणे पुरेसे आहे. आत साबण घालू नये. मुलगा मोठा झाला की त्याने स्वतःच, दुखणार नाही इतपतच कातडी मागे घ्यावी आणि धुऊन झाल्यावर ती आठवणीने पुढे आणावी.

मुलाला दाखवायचे कधी, तर लघवी करताना तो कुंथत किंवा रडत असेल, धार दोऱ्यासारखी बारीक झाली असेल किंवा थेंब थेंब होत असेल, टोक वारंवार लाल होऊन सुजत असेल, पू किंवा रक्त येत असेल, लघवीच्या संसर्गाचा ताप पुन्हा पुन्हा येत असेल, अथवा पूर्वी मागे जाणारी कातडी आता जाईनाशी झाली असेल आणि तिच्या कडेला पांढरट, कडक कडे दिसत असेल तर. हे पांढरे कडे बहुधा लायकेन स्क्लेरोसस या त्वचारोगाचे असते आणि तो आपोआप बरा होत नाही. लघवी पूर्ण अडली असेल तर मात्र सकाळची वाट पाहू नये.

उपचार म्हटला की लगेच ‘सुंता करावी लागेल’ या धास्तीने हिंदू घरांतील वडीलधारी मंडळी मागे हटतात. वास्तविक बहुतेक मुलांत पहिला उपचार स्टिरॉइड मलमाचाच असतो. बीटामेथासोनसारखे मलम घट्ट कड्यावर दिवसातून एक-दोनदा, साधारण चार ते आठ आठवडे लावतात आणि बऱ्याच मुलांची कातडी त्याने सैल होते. ते जागा तपासून, डॉक्टरांनीच लिहून द्यायचे असते. माझ्या काउंटरवर चिठ्ठीविना मागितली जाणारी ‘थ्री-इन-वन’ ट्यूब म्हणजे हे मलम नव्हे. तीत जहाल स्टिरॉइड, बुरशीवरचे औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असते, ती लावल्यावर दोन दिवस बरे वाटते आणि मग कातडी पातळ होऊन संसर्ग बळावतो. आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी : लघवीचे छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूला असेल, तर सुंता करून घेऊ नये, कारण ते छिद्र दुरुस्त करताना सर्जनला हीच कातडी लागते.

आता पन्नाशीच्या गृहस्थांकडे वळू. आयुष्यभर व्यवस्थित मागे जाणारी कातडी अलीकडे आवळू लागली, तिला उभ्या चिरा पडू लागल्या, खाज आणि पांढरा थर येऊ लागला, तर सर्वांत आधी रक्तातली साखर तपासावी. लघवीत उतरणाऱ्या साखरेवर बुरशी पोसते, कातडी चिरते, भरते, आकसते आणि पुन्हा चिरते. मधुमेह आहे हे कित्येकांना या चिरांमुळेच प्रथम कळते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या चालू असतील तर त्या साखर लघवीवाटेच बाहेर टाकतात, त्यामुळे हा बुरशीचा त्रास वाढू शकतो. अशा वेळी गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना तसे सांगावे. आणि बंद कातडीआड गाठ किंवा जखम हाताला लागत असेल, दुर्गंधी किंवा रक्त येत असेल, तर शिश्नाच्या कर्करोगाची शंका दूर करून घ्यावीच लागते. विडी-सिगारेटने हा धोका वाढतो, हे निपाणी-चिकोडीच्या तंबाखूपट्ट्यातल्या वाचकांना मुद्दाम सांगतो.

संकोचाचे कारण मला समजते. बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात चिठ्ठी काढणाऱ्या खिडकीवर ‘एनागेती?’ (काय झालंय?) असा कन्नड प्रश्न येतो, मागे वीस माणसांची रांग असते, आणि जी गोष्ट मराठीतही बायकोला सांगितलेली नाही ती मोडक्या कन्नडात मोठ्याने सांगायची असते. तिथे ‘लघवीचा त्रास, युरॉलॉजी’ एवढेच म्हणावे. बाकीचे आत, पडद्यामागे डॉक्टरांना सांगता येते.

एका प्रसंगात मात्र संकोचाला जागाच नाही. मागे गेलेली कातडी पुढे येईनाशी झाली, टोकामागे अडकून आवळली आणि टोक सुजू लागले, तर ती पॅराफायमोसिसची तातडीची अवस्था असते, कारण रक्तपुरवठा तुटू शकतो. सुश्रुतानेही क्षुद्ररोगांत, म्हणजे किरकोळ रोगांच्या वर्गात, निरुद्धप्रकश (फायमोसिस) आणि परिवर्तिका (पॅराफायमोसिस) असे हे दोन्ही विकार वेगवेगळे सांगितले आहेत. घरी अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना लघवीची नळी घातली असेल, तर स्वच्छता केल्यावर कातडी पुढे आणली की नाही हे पाहणे सांभाळणाऱ्याचे काम. आमच्याकडे हा प्रकार बहुधा असाच घडतो. सुजलेला भाग मुठीत धरून काही मिनिटे सावकाश, सलग दाबल्यास सूज उतरते आणि कातडी कधी कधी पुढे येते. न आल्यास सुई टोचणे, दोरा बांधणे, नुसता बर्फ लावणे असले काही न करता त्याच तासाला निघावे. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात रस्ता आणि गाडी दोन्हींचा भरवसा नसतो, म्हणून १०८ ला आधी फोन करावा आणि मग शेजाऱ्याची जीप शोधावी.

शस्त्रक्रिया करायची ठरलीच, तर ती साधारणपणे त्याच दिवशी घरी सोडण्याइतपत छोटी असते. लहान मुलांना पूर्ण भूल देतात, मोठ्यांचे काम अनेकदा जागा बधिर करून होते. जखम भरायला दोन-तीन आठवडे लागतात आणि संबंधांना चार ते सहा आठवडे विराम द्यावा लागतो. मधुमेह असल्यास तारीख घेण्यापूर्वी साखर आटोक्यात आणायला सांगतात, म्हणून जाताना साखरेचे जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटे आणि घरात पडलेली ती अर्धी वापरलेली ट्यूबही सोबत न्यावी.