एका पायातलं जोडवं

डिसेंबर २०२१ मध्ये माझ्या दुकानात सगळ्यात जास्त झेरॉक्स कशाची निघाली असेल, तर मृत्यू दाखल्याची. बिंदू चौकापासून दोन मिनिटांवर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. एरवी भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट. त्या महिन्यात कोरोनानं गेलेल्यांच्या वारसांना ५०,००० रुपये मिळण्यासाठी ऑनलाइन अर्ज सुरू झाले आणि दुकानापुढं रांग लागली. आधार, पासबुक, आरटीपीसीआरचा रिपोर्ट, दाखला. मग ‘मृताशी नातं’ असा रकाना. पत्नी. पत्नी. मुलगा. पत्नी. काही बायका तर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. कागद द्यायला हात पुढं आला की मनगट मोकळं दिसायचं. मी नंतर नंतर मान वर करायचंच सोडलं, स्क्रीनकडं बघून विचारायची, “नातं?”

त्यातला एक अर्ज आमच्या घरचा होता.

दादा मे २०२१ मध्ये गेला. वय एकेचाळीस. पहिल्या लाटेत आमच्या गल्लीत कुणालाच काही झालं नाही, त्यामुळं आम्ही जरा गाफीलच होतो. दुसरी लाट कोल्हापुरात उशिरा आली आणि बाकी राज्यात उतरली तरी इथं जून-जुलैपर्यंत ठाण मांडून बसली. अकरा दिवस ऑक्सिजनवर होता. दवाखाना कुठला ते राहू दे. बिल अजून कपाटात आहे, साड्यांच्या खाली.

बॉडी घरी आलीच नाही. शववाहिका थेट पंचगंगेच्या स्मशानात. आमच्या कोल्हापुरात अंत्यसंस्काराला पैसे पडत नाहीत, लाकडं आणि शेणी, म्हणजे गोवऱ्या, महापालिका देते. होळीला इथं माणसं शेणी दान करतात, ती त्याचसाठी. बाहेरगावच्या पाहुण्यांना हे सांगितलं की खोटं वाटतं. त्या दिवसांत अग्नीसुद्धा किट घातलेली महापालिकेची माणसंच द्यायची. माझ्या भावाला अग्नी कुणी दिला त्याचं नाव मला माहीत नाही, किटमध्ये चेहराही दिसला नाही. लांबून हात जोडले तेवढेच.

वहिनी आणि पुतण्या तेव्हा पॉझिटिव्ह, माडीवरच्या खोलीत. मातीला कोण नाही, रक्षाविसर्जनाला कोण नाही, दारात बायका नाहीत. त्यामुळं एक गोष्ट झाली, जिच्याकडं आमचं कुणाचं लक्षच गेलं नाही. वहिनींच्या हातात हिरव्या बांगड्या तशाच राहिल्या. गळ्यात मंगळसूत्र तसंच. कपाळावर टिकलीसुद्धा होती, पण ती तीन दिवसांपूर्वीची, एका बाजूनं सुटलेली. मी जेवणाचं ताट दारात ठेवायची आणि ती टिकली बघून खाली यायची.

सोळाव्या दिवशी थोरली आत्ती आली. बरोबर दोन चुलत सासवा, तिघी मास्क लावून. कशाला आल्या ते आत्तीनं दारातच सांगितलं, “ऱ्हायलंय ते करून टाकूया. त्याच्या जिवाला शांती नको व्हय?”

परड्यात पाटा होता, त्यावर बांगड्या फोडल्या. मंगळसूत्र काढून आईच्या हातात दिलं. मग जोडवी. वहिनींच्या पायाला आजारपणात सूज आली होती. आधी तेल लावलं, मग साबण. डाव्या पायातलं निघालं, उजव्यातलं काही केल्या निघेना. आत्ती जोर लावत होती, वहिनी ओठ दाबून बसलेल्या. शेवटी एक चुलत सासू म्हणाली, गुजरीत नेऊन कापून आणा. पण गुजरी बंद. सराफकट्ट्यावरच्या सगळ्या दुकानांची शटरं लॉकडाऊनमुळं खाली. “उघडलं की आणा,” म्हणून आत्ती गेली. जाताना निघालेलं जोडवं रुमालात बांधून घेऊन गेली आणि नदीला सोडलं.

आई सगळा वेळ चुलीशी उभी होती. रात्री मी तिच्यावर चिडले, तर म्हणाली, “माझं फोडलं तवा कोण आडवं आलं हुतं?” बाबा गेले तेव्हा मी नववीत होते. मला त्यातलं काही आठवत नाही, म्हणजे मला कुणी बघू दिलं नव्हतं.

आईवर चिडणं सोपं होतं. पण मी तरी काय केलं? साबणाची वाटी धरून उभी होते.

गुजरी उघडली तोवर जुलै उजाडला आणि पाठोपाठ पूर आला. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५६ च्या वर गेलं. माझ्या दुकानापर्यंत काही आलं नाही, पण जोडव्याचा विषय त्यात वाहून गेला तो गेलाच. वहिनी वर्षभर एका पायात जोडवं घालून वावरल्या. बाहेर जाताना मोजे घालायच्या, कोल्हापूरच्या एप्रिलातसुद्धा.

मे २०२२ चा पहिला आठवडा. राजर्षी शाहू महाराजांना जाऊन शंभर वर्षं होत होती, ६ मेला सकाळी दहा वाजता सगळं कोल्हापूर शंभर सेकंद जागेवर उभं राहिलं. मीही दुकानातून बाहेर येऊन उभी राहिले, समोरचा रसवाला गुऱ्हाळाचं चाक थांबवून. त्याच आठवड्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीचा ठराव व्हॉट्सअॅपवर फिरायला लागला. पती गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं, हे सगळं गावात बंद. कोरोनात कमी वयाच्या बायका एकामागून एक विधवा झाल्या, हे त्यामागचं कारण. कल्पना करमाळ्याचे सामाजिक कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांची. कोरोनात गेलेल्या एका सहकाऱ्याच्या बायकोचे हाल त्यांनी डोळ्यांनी बघितले होते. त्यांनी स्वतः स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं की माझ्यामागं माझ्या बायकोवर यातलं काही करू नये. मी रोज स्टॅम्प पेपर टाइप करणारी बाई, मला ते भारीच आवडलं. रात्री नवऱ्याला म्हटलं, तुझंपण एक करून ठेवूया. तर म्हणतो, “मला आत्ताच मारतीस व्हय?”

ठरावात सूचक बाई, अनुमोदक बाई. तेव्हा सरपंच सुरगोंडा पाटील. बास, एवढंच. दंड नाही, शिक्षा नाही, ग्रामपंचायतीला तसा अधिकारही नाही. पण १७ मेला राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडचं अनुकरण करायला सांगितलं.

माझ्या दुकानात बसणारे दोन-तीन विद्वान लगेच हसले. ठरावानं काय हुतंय, म्हणे. एक तर म्हणाला की बांगड्यांपेक्षा घरात दाणा आहे का ते बघा. दाण्याचं मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं. आमचे ५०,००० ज्या ऑफिसात अडकले होते तिथं मी चार चकरा मारल्या होत्या, कारण दाखल्यावर मृत्यूचं कारण कोविड लिहिलेलं नव्हतं. पुतण्याचा बालसंगोपनचा अर्जही मीच भरलेला. पैसा पाहिजेच. पण सोळाव्या दिवशी परड्यात मला पैसा कमी पडला नव्हता. तिथं आत्तीच्या तोंडावर म्हणायला एक वाक्य पाहिजे होतं. “असं करायचं नाही” हे मला म्हणता येत होतं, पण मी म्हणजे कोण? घरातली धाकटी. “गावानं ठरवलंय, आता करत नाहीत” असं म्हणता आलं असतं, तर आत्ती सरपंचाला शिव्या घालत घरी गेली असती. शिव्या खायला सरपंच आहेतच की.

आम्ही शहरातले मात्र यातही मागं. गावात ग्रामसभा असते, एखादी बाई उठून बोलू शकते. आमच्या महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्येच संपली, त्यानंतर काही वर्षं प्रशासकच होता. हेरवाडनं ठराव केला तेव्हा आमच्या प्रभागात असं काही मांडायला नगरसेवकच नव्हता. लस, बेड, फवारणी, स्मशान ही कामं महापालिकेनं केली, नाही म्हणणार नाही. पण हे कुणाकडं घेऊन जायचं? आरोग्य विभागाकडं? घरफाळ्याकडं?

वहिनींचं माहेर कुरुंदवाडचं. हेरवाड त्यांच्या शेजारचंच गाव, लहानपणी तिथल्या उरुसाला चालत जायच्या. मेच्या दुसऱ्या आठवड्यात त्या दुकानात आल्या, मोबाईल पुढं केला आणि म्हणाल्या, “वन्सं, ह्याची प्रिंट काढा की. दोन काढा.”

फोटो हलला होता, अक्षरं फिकट. मी कॉन्ट्रास्ट वाढवून काढल्या. एक लॅमिनेट करू का, म्हणून विचारलं.

“करा. तेल लागंल नाहीतर.”

दुसरी प्रत त्यांनी घडी घालून पाकिटात ठेवली. ती कुणासाठी ते मी विचारलं नाही. मग म्हणाल्या, गुजरीत येता का?

मला वाटलं, आता कापून टाकणार. शटर अर्धं ओढून निघाले. सराफानं विचारलं काय पाहिजे, तर वहिनी म्हणाल्या, “डाव्या पायाचं एकच जोडवं करून द्या, ह्याच्यासारखं.” मोजा काढला. त्यानं एकदा पायाकडं बघितलं, एकदा कपाळाकडं. टिकली नव्हती. टिकली त्या अजूनही लावत नाहीत, म्हणतात घामानं खाज सुटते.

“मापाला ते काढून द्या.”

“निघत नाही ते.”

त्यानं ड्रॉवरमधून दोरा काढला.

घरी गेलो तेव्हा आई पायरीवर शेंगा फोडत बसली होती. वहिनी मोजे न घालता समोर येऊन उभ्या राहिल्या. आईनं दोन्ही पायांकडं बघितलं, शेंगांचं सूप बाजूला सरकवलं.

“केवढ्याला पडलं?”

वहिनींनी सांगितलं.

“म्हाग लावलं की गं त्यानं,” आई म्हणाली.