सरकीची मधमाशी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असा मुख्याध्यापक सरांचा फोन आला तेव्हा मी दुकानात मशीनवर होतो. शाळेवर लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. खो-खोची ढाल, प्रभातफेऱ्या, जुन्या इमारतीचे गळके कवेलू. ते बाकीचे लिहितीलच. मी बाईंवर लिहितो. नाव टाकत नाही. आपल्या शाळेत नुसतं ‘बाई’ म्हटलं की दुसरं कोणी आठवतच नाही.

आमच्या सहावीत अर्ध्या वर्गाची जन्मतारीख १ जून. नाव घालताना गुरुजींनीच टाकलेली. आणि विदर्भातली शाळा उघडणार जूनच्या शेवटी, म्हणजे वाढदिवसाचा विषयच संपला. बाईंना ते खटकलं. त्या घरोघर गेल्या, आयांना खोदून खोदून विचारलं. माझ्या बाकावरच्या मित्राची आई म्हणाली, “तान्ह्या पोयाच्या दिवशी झालता बाई. पानी लय होतं.” तान्हा पोळा म्हणजे बैलपोळ्याचा दुसरा दिवस. बाईंनी त्या सालचं पंचांग मिळवून तारीख काढली. रजिस्टरला हात लावता येत नव्हता, म्हणून फळ्याच्या कोपऱ्यात लिहिली.

मित्राचे वडील सावरीवरचं आग्या मोहोळ काढायचे. उन्हाळ्यातल्या वाळक्या पोळ्याचा एक तुकडा त्याने वर्गात आणला होता. मध आम्ही सगळ्यांनीच खाल्लेला, पोळं निरखून कोणी पाहिलं नव्हतं. त्यामुळे त्याच्या वाढदिवसाच्या कार्डावर काय काढायचं हे ठरल्यातच जमा होतं.

कार्डशीट वरोऱ्याला मिळायची, पण पैसे कोणाकडे होते? बाईंनी जुन्या लग्नपत्रिका जमवल्या, वाळवलेली पळसफुलं उकळून कोऱ्या बाजूला रंग दिला. मग कंपास. दोन सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायचं आणि कंपास तेवढाच ठेवून कडेवर खुणा करत जायचं. बरोबर सहा खुणा बसतात. जोडल्या की षटकोन, त्याची बाजूही दोनच सेंटिमीटर. “माशी गोल घर का नाही बांधत?” बाईंनी विचारलं. गोल ठेवून पाहिले, मधे फटी. आठ बाजूंचे ठेवले, मधे चौकोनी भोकं. षटकोनाचे तीन कोपरे एकत्र आले की १२० त्रिक ३६०, फट नाहीच. तसे चौकोन बसतात, त्रिकोणही बसतात. पण तेवढीच जागा घेरायला षटकोनाला भिंत कमी लागते, म्हणजे मेण कमी. याची पक्की सिद्धता १९९९ साली थॉमस हेल्स या अमेरिकन गणितज्ञाने दिली, असं पुढे वाचनात आलं. आमच्या बाई लग्नपत्रिकांवर ते आधीच दाखवून मोकळ्या झाल्या होत्या!

मधल्या घरात मित्राचं नाव, भोवती सहा घरं. प्रत्येकाच्या एका बाजूला पट्टी ठेवून ती खळीने चिकटवली, म्हणजे झाकण उघडतं. आत सहा जणांनी एकेक ओळ लिहिली. माशी सरकीची. जिनिंगमधल्या सरकीवर लव असतेच. तिला हळद चोळली, काळ्या दोऱ्याचे पट्टे गुंडाळले. पंख लसणाच्या पापुद्र्याचे. एका पोराने दोनच लावले. बाईंनी मोजले. खिडकीत मेलेली एक मधमाशी होती, ती टाचणीने उलगडून दाखवली. मागचे लहान पंख पुढच्या मोठ्यांना बारीक आकड्यांनी अडकलेले, म्हणून दोन वाटतात, असतात चार.

पोळ्याची सुट्टी संपल्यावर कार्ड दिलं. मधल्या सुट्टीपर्यंत उघडून उघडून त्याने दोन झाकणं निखळवली.

आज तालुक्याला माझं पत्रिका आणि फ्लेक्सचं दुकान आहे. दोन मशीन, तीन पोरं कामाला. हातात सफाई आहे असं लोक म्हणतात. ती कुठून आली ते वर सांगितलंच. शाळेत परवा जाऊन आलो. टाइल्स छान बसवल्यात, पण हस्तकलेचा तास आता स्कॉलरशिपच्या सरावाला जातो म्हणे, आणि वाढदिवसाला पोरं चॉकलेट वाटून मोकळी होतात. बाई असत्या तर त्यांनी हे चालू दिलं नसतं.

हल्ली पहिल्या वाढदिवसाला मधमाशीच्या थीमचे फ्लेक्स फार मागतात. तयार डिझाइनमधल्या माश्यांना हमखास दोनच पंख असतात. छापण्याआधी मी राहिलेले दोन जोडतो. गिऱ्हाइकाच्या ते लक्षातही येत नाही, आणि त्याचे वेगळे पैसे मी लावत नाही.