३०० कोटी जातात कुठे आणि आई थेटरात जाते कधी

छावा आला तेव्हा, म्हणजे २०२५च्या फेब्रुवारीत, आई, काकू, बहिणीची दोन पोरं आणि मी असे पाच जण रविवारी संध्याकाळी मल्टिप्लेक्सला गेलो होतो. तिकिटं, वर ती ऑनलाइनची फी, दोन पॉपकॉर्न, एक कोल्ड्रिंक, पार्किंग, सगळं धरून तीन हजारांच्या पुढे गेलं. इंटरव्हलला आईने हळूच विचारलं, "किती झाले गं?" मी बाराशे सांगितले. त्यावरही ती म्हणाली, "अगं महिन्याचं दूध झालं असतं की यात."

पण शेवटी दिवे लागले तेव्हा ती जागची उठेना. मागच्या रांगेतल्या कुणाच्या तरी सहा-सात वर्षांच्या पोराने उभं राहून मोठ्याने गारद म्हटली आणि अख्खं थेटर "जय" म्हणून उठलं, आई पदर डोळ्याला लावून तशीच बसून. खाली उतरताना मला म्हणाली, बरं झालं आणलंस. त्याआधी ती थेटरात कधी गेली होती तर बाईपण भारी देवा बघायला, २०२३ला, सोसायटीतल्या अकरा बायकांबरोबर, सगळ्या नथ आणि गॉगल घालून. म्हणजे दीड-पावणेदोन वर्षांत दोन पिक्चर. आणि मला खात्रीने वाटतं की पिक्चरचा धंदा समजून घ्यायचा तर आमच्या आईसारख्या माणसांकडे बघायला हवं, कारण कितीही मोठा पिक्चर असो, शेवटी तो वर्षातून दोनदा घराबाहेर पडणाऱ्या माणसावरच उभा राहतो.

हे मी एवढ्या ठामपणे म्हणते कारण मी नऊ वर्षं हिंदी पिक्चरच्या प्रॉडक्शन अकाउंट्सला काम केलंय. व्हाउचर लावणं, पेटी कॅश सांभाळणं, रोजचा खर्च एक्सेलमध्ये टाकून रात्री लाइन प्रोड्युसरला, म्हणजे शूटिंगचा रोजचा खर्च बघणाऱ्याला, मेल करणं. लोक नेहमी विचारतात, ३०० कोटींचा पिक्चर म्हणतात तर ते पैसे जातात कुठे, दिसत तर नाहीत. खरंच आहे, दिसत नाहीत. कारण त्यातला मोठा वाटा कॅमेऱ्यासमोर येतच नाही.

एक दिवस सांगते. गोरेगावच्या फिल्मसिटीत सेट लागला होता, प्लायवूड, पीओपी, रंग, जवळजवळ दोन महिने कारपेंटर लोक रात्रंदिवस राबले होते त्यावर. कॉल टाइम सकाळी सातचा. दोनशेच्या आसपास ज्युनिअर आर्टिस्ट पहाटे पाचपासून येऊन ड्रेसवाल्यांकडे रांगेत, कुणी विरारहून, कुणी कल्याणहून पहिल्या लोकलने आलेले. नाश्त्याला पोहे, उपमा, ब्रेड-ऑम्लेट. लाइट लागले, जनरेटर सुरू, ट्रॅक टाकून झाला, क्रेन उभी. आणि हिरो नाही. हिरोच्या व्हॅनिटी व्हॅन मात्र पहाटेपासून येऊन उभ्या होत्या, एक त्याची, एक त्याच्या जिमची, एक त्याच्या माणसांची, आणि त्याचं जेवण बनवणारा त्याचा स्वतःचा कुक वेगळा, ह्या सगळ्याचं बिल आमच्या टेबलावर. हिरो आला दुपारी साडेतीनला. मेकअप होऊन बाहेर पडायला पाच. त्या दिवशी दोन शॉट झाले, पिक्चरमध्ये ते पाऊण मिनिटही नाहीत, मी नंतर थेटरात बसून बघितलं. पण माझ्या शीटमध्ये तो दिवस पूर्ण आहे, जनरेटरचं डिझेल, दीडशे जणांच्या युनिटची शिफ्ट, दोनशे जणांचे दोन वेळचे डबे, क्रेनचं भाडं, वरून शिफ्ट वाढली म्हणून सगळ्यांना जादा कन्व्हेयन्स. आणि त्याच पिक्चरच्या स्पॉट दादांचे, म्हणजे सेटवर चहापाणी आणि पडेल ते काम करणाऱ्यांचे, पैसे तीन महिन्यांनी निघाले, तेही रोज येऊन ऑफिसच्या दारात बसल्यावर. त्यातले एक काका मला म्हणाले होते, मॅडम, पोरीची फी भरायची आहे, थोडे तरी द्या. माझ्या हातात सही नव्हती. ते मला अजून आठवलं की राग येतो.

आता ही गोष्ट काही माझी एकटीची राहिलेली नाही. करण जोहर, फराह खान, आमिर खान हे सगळे गेल्या दोन-तीन वर्षांत जाहीरपणे बोललेत की स्टारची फी आणि त्याच्या लवाजम्याचा खर्च प्रोड्युसरला झेपत नाही. मोठ्या हिंदी पिक्चरचा अर्धा पैसा एकट्या स्टारकडे गेला असं ऐकलं की बाहेरच्यांना धक्का बसतो, आमच्याकडे ते रोजचं होतं. मग उरलेल्या अर्ध्यात सेट, लोकेशन, व्हीएफएक्स म्हणजे कॉम्प्युटरवरची दृश्यं, लेखक, एडिटर, साउंड, आणि कात्री लागली की पहिली लेखकाला आणि शेवटच्या महिन्यातल्या व्हीएफएक्सला. तिथेच पडद्यावर पैसा दिसायचा बंद होतो.

आणि व्याज. व्याजाबद्दल कुणी बोलतच नाही. १९९८ला सरकारने सिनेमाला उद्योगाचा दर्जा दिला, बँकांचे दरवाजे उघडले म्हणतात, पण अजूनही कितीतरी पिक्चर खासगी फायनान्सवर चालतात, महिन्याला दीड-दोन टक्के. दीड टक्काच धरा, वर्षाला अठरा झाला. १०० कोटी उचलले आणि स्टारच्या तारखा जुळल्या नाहीत, पावसात सेट भिजला, व्हीएफएक्स परत करावं लागलं, पिक्चर एक वर्ष लांबला की १८ कोटी गेले, एक फ्रेम न शूट करता. सैराट साधारण ४ कोटींत झाला होता असं म्हणतात. म्हणजे त्या एका वर्षाच्या व्याजात चार सैराट.

उलटं उदाहरण पण आहे. बाहुबली घ्या. २०१५ आणि २०१७ असे दोन भाग, प्रभासने त्यासाठी पाचेक वर्षं दुसरं काही केलं नाही, कला दिग्दर्शक साबू सिरील यांनी रामोजी फिल्म सिटीत माहिष्मती उभी केली ती आजही लोक तिकीट काढून बघतात. दुसरा भाग हिंदीत डब होऊन आला आणि नुसत्या हिंदीचं नेट कलेक्शन, म्हणजे कर वजा जाऊन, ५०० कोटींच्या वर गेलं. तिथे पैसा दिसतो. बालवाडीतल्या पोरालाही दिसतो. त्याच्या आधी कितीतरी वर्षं मुगल-ए-आझमच्या शीशमहालात दिसला होता, १९६०ला, बेल्जियमहून काच आणून. म्हणून मोठं बजेट वाईट असं मी कधीच म्हणणार नाही. बडे मियां छोटे मियांचं बजेट २०२४ला ३०० कोटींच्या वर सांगितलं गेलं आणि देशात नेट ७० कोटीसुद्धा झालं नाही. लोकांना फरक कळतो, आणि ट्रेलरमध्येच कळतो.

बरं आता तिकिटाचं. हे गणित मी माझ्या भाच्याला मांडून दाखवलं होतं, तो बारावी कॉमर्सला आहे, त्याला वाटायचं २५०चं तिकीट म्हणजे २५० प्रोड्युसरला. तर २५०च्या तिकिटातले ३८ जीएसटी. उरले २१२. मल्टिप्लेक्समध्ये हिंदी पिक्चरचा हिशोब अजून त्याच धर्तीवर चालतो जो २००९च्या संपानंतर ठरला, तेव्हा प्रोड्युसर आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचं भांडण होऊन दोन महिने नवीन मोठे पिक्चर लागलेच नव्हते. पहिल्या आठवड्यात निम्मे डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे प्रोड्युसरच्या वतीने पिक्चर थेटरात लावणाऱ्याला, दुसऱ्यात साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्यात साडेसदतीस, मग तीस. म्हणजे पहिल्या आठवड्यातही हातात येतात १०६, त्यातून डिस्ट्रिब्युटरचं कमिशन, जाहिरात, डिजिटल प्रोजेक्शनचे पैसे. (सगळे पहिल्या वीकेंडसाठी का एवढे जीव तोडतात, कपिलपासून रिअ‍ॅलिटी शोपर्यंत का फिरतात, ते यात आहे. दर आठवड्याला वाटा कमी होतो.)

समजा ३०० कोटींतले १०० कोटी ओटीटी, टीव्ही, म्युझिकमधून आले. उरलेले २०० थेटरातून काढायचे तर २५०च्या दराने जवळपास १.९ कोटी तिकिटं. पण देशाचा सरासरी दर २५० नाहीये. सिनेमाच्या धंद्याचे आकडे काढणाऱ्या ऑरमॅक्स कंपनीच्या रिपोर्टप्रमाणे २०२४ला सरासरी तिकीट १३४ रुपये होतं. त्या दराने प्रोड्युसरकडे येतात साधारण ५७, म्हणजे साडेतीन कोटी तिकिटं लागतात. आणि त्याच रिपोर्टमध्ये आहे की त्या पूर्ण वर्षात देशात सगळ्या भाषांचे सगळे पिक्चर मिळून ८८.३ कोटी तिकिटं विकली गेली, आदल्या वर्षी ९४.३ होती. १४० कोटींचा देश, माणशी वर्षाला एक तिकीटही नाही. त्यात एकाच पिक्चरला साडेतीन कोटी पाहिजेत. भाचा बराच वेळ कॅल्क्युलेटर घेऊन बसला होता.

पॉपकॉर्नचं तर वेगळंच. पॉपकॉर्नमधला एक रुपया प्रोड्युसरला जात नाही, सगळा थेटरचा, आणि शंभरच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के कर असताना खाण्यावर ५. म्हणून मल्टिप्लेक्सला पिक्चर कुठला यापेक्षा माणूस आत आला की नाही याच्याशी मतलब, आणि आत आलेल्याने खाल्लं की नाही याच्याशी. बाहेरचं न्यायला बंदी आहे, सुप्रीम कोर्टाने २०२३च्या जानेवारीत थेटरवाल्यांचा तो हक्क मान्य केला, पण त्याच वेळी पिण्याचं पाणी फुकट मिळायला हवं हेही सांगितलं. मी दरवेळी काउंटरवर पाणी मागते. बऱ्याचदा कोपऱ्यात एक कूलर असतो, ग्लास नसतो, पण मागितलं की देतात. मागा. आपल्या हक्काचं आहे.

दर खाली आले की काय होतं तेही आपण बघितलंय. २३ सप्टेंबर २०२२ला सिनेमा दिनाला मल्टिप्लेक्सवाल्यांनी ७५ रुपये तिकीट ठेवलं, त्यांच्या संघटनेने सांगितलं ६५ लाखांवर लोक आले, एका दिवसात. एरवीची सरासरी रोजची पंचवीसेक लाखांची, तीही देशातली सगळी थेटरं धरून. त्या दिवशी मी बहिणीकडे होते, तिच्या कामवाल्या ताई पोरांना घेऊन आयुष्यात पहिल्यांदा मल्टिप्लेक्समध्ये गेल्या. दुसऱ्या दिवशी भांडी घासता घासता पिक्चरपेक्षा त्या सरकत्या जिन्याचं आणि मऊ खुर्चीचंच सांगत होत्या. हा प्रेक्षक आपल्याकडे आहेच, तो ओटीटीमुळे गेला वगैरे मला पटत नाही, त्याला दाराबाहेर ठेवलंय. सिंगल स्क्रीन बंद होत गेली आणि त्यांच्या जागी आली ती त्याला न परवडणारी थेटरं.

तमिळनाडूत आणि आंध्र-तेलंगणात तिकिटाच्या दरात सरकार लक्ष घालतं, आणि तिकडे लोक अजून सहकुटुंब थेटरात जातात. फक्त दरामुळेच जातात असं नाही, त्यांचं पिक्चरवेड जुनं आहे, पण दराचा हात नक्की आहे. देशभर २०२५च्या सप्टेंबरपासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आणला, चांगलंच केलं, पण मुंबई-पुण्यात शंभरच्या आतलं तिकीट शोधून दाखवा. जीएसटीच्या आधी आपल्या राज्यात मराठी पिक्चरला करमणूक कर माफ होता. आता ४ कोटींच्या मराठीला आणि ३०० कोटींच्या हिंदीला कर सारखाच.

आणि तरी मराठी माणूस आला की कसा येतो. २०१६ला सैराटच्या वेळी साताऱ्याकडे रहिमतपूरला रात्री बाराचे आणि पहाटे तीनचे शो लावावे लागले होते. आम्ही मूळचे कराडचे, माझा आत्तेभाऊ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून पंधरा जणांबरोबर पिक्चरला गेला होता, उसाची ट्रॉली, खाली पोतं अंथरून. बाईपण भारी देवाने ७५ कोटींच्या वर धंदा केला तो दुपारच्या शोजवर, जेव्हा एरवी थेटर रिकामं असतं, कारण बायका पोरांना शाळेत सोडून घोळक्याने आल्या. एकीने बघितला की ती दुसरीला घेऊन परत यायची. माझ्या काकूने चारदा बघितला. चार तिकिटं, काकूची! कुठल्या मार्केटिंगच्या एक्सेलमध्ये बसते ही बाई? मी त्या मीटिंगांना बसलेय, तिथे "टार्गेट ऑडियन्स" म्हणून १८ ते ३० असंच लिहिलेलं असायचं.

प्रमोशनवर उधळलेल्या पैशाने पहिला शुक्रवार भरतो, फार तर शनिवार. रविवारी आई सोसायटीच्या बाकावर बसते आणि तिथे ठरतं. तिथे कुणी विचारत नाही की बजेट किती, हिरोला किती दिले. विचारतात, रडू येतं का? पोरांना नेण्यासारखा आहे का? किती वाजता सुटतो, परत येताना रिक्षा मिळेल ना?

परवा आईचा फोन आला, पुढच्या बुधवारी सकाळी साडेदहाचा शो बघ म्हणाली, त्या वेळी एकशे वीसला तिकीट आहे असं चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी शोधून काढलंय. नऊ जणी आहेत. पिक्चर कुठला ते अजून ठरलं नाही, पण डबे खाऊन निघायचं आणि आतलं काही विकत घ्यायचं नाही, एवढं ठरलंय. मी नऊ तिकिटं काढून दिली, एकाच रांगेत.