खड्डा शून्याच्या खाली होता का?

आमच्या एका फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणाच्या, विग्नर फंक्शनचा (क्वांटम अवस्थेचा संभाव्यतेसारखा नकाशा, पण शून्याखालीही जाऊ शकणारा) आलेख पडद्यावर आला, तेव्हा मधला खड्डा शून्याच्या बराच खाली गेला होता. सहकारी खूश. मी विचारलं, "डिटेक्टरचा लॉस, म्हणजे वाटेत हरवलेल्या प्रकाशाचा परिणाम, गणितानं काढून टाकलायस?"

"अर्थात. सगळेच काढतात."

काढतात, खरंय. पण आमचा प्रश्न निराळा होता. मोजमापाचं उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि सोबत दुसरं काय मोजतोय त्यानं ते बदलत नाही, या समजुतीला कोशेन आणि स्पेकर यांनी १९६७ मध्येच सुरुंग लावला. प्रकाशाच्या क्वाड्रॅचरसारख्या (प्रकाशलहरीच्या विद्युतक्षेत्राचे घटक) सलग किमती घेणाऱ्या राशींसाठी ही संदर्भसापेक्षता, म्हणजे उत्तर सोबतच्या मोजमापांवर अवलंबून असणं, आणि विग्नर फंक्शनचं ऋण होणं एकच, हे २०२२ मध्ये सिद्ध झालं. त्याला किमान दोन मोड (प्रकाशाच्या स्वतंत्र वाटा) लागतात, म्हणून फोटॉन बीम स्प्लिटरवरून, म्हणजे किरण दुभंगणाऱ्या आरशावरून, क्वाड्रॅचर मोजणाऱ्या दोन होमोडाइन डिटेक्टरांकडे न्यायचा बेत होता. पण त्याआधी खड्डा खरा हवा. ज्याला क्वांटम सिद्धांतच मान्य नाही, त्याच्यापुढे क्वांटमच्याच सूत्रानं दुरुस्त केलेला डेटा ठेवून काय सिद्ध होणार?

हिशेब सोपा आहे. एका फोटॉनचा खड्डा शून्याखाली जायला एकूण कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या वर लागते. आमची फोटॉनची तयारी ७५ टक्के, फोटोडायोड ९०, आणि व्हिजिबिलिटी (फोटॉन आणि मोजणीचा संदर्भ-किरण एकमेकांशी किती जुळतात) ०.८५. ही व्हिजिबिलिटी वर्गात शिरते, म्हणजे ७२ टक्केच. गुणाकार ४९ च्या आसपास. दुरुस्ती काढली की खड्डा शून्याच्या वरच अडकतो.

मग व्हिजिबिलिटी वाढवायला आरसे. एकटा फोटॉन काही दिसत नाही, म्हणून स्फटिकातून त्याच्याच वाटेनं जाणारा प्रखर किरण तयार करायचा आणि लोकल ऑसिलेटरशी, म्हणजे त्या संदर्भ-किरणाशी, त्याच्या व्यतिकरणाच्या पट्ट्या जुळवायच्या. स्क्रू केसभर फिरवला की पट्ट्या गडद होतात, हात काढला की पुन्हा फिकट. आरसे धरणाऱ्या जुन्या माउंटना गुण येत नाही आणि नव्यांची मागणी फायलीत पडून असते. पट्ट्यांची व्हिजिबिलिटी ०.९५ ला टेकली, तेव्हा हिशेब ६१ टक्क्यांवर आला आणि कच्च्या डेटातच खड्डा खाली उतरला. उथळ, पण स्वतःच्या जोरावर.

सहकाऱ्याला अजून दुरुस्त केलेलाच आलेख पहिली आकृती म्हणून हवाय. प्रसिद्धीवाल्यांनाही खोल खड्डाच आवडतो. कच्चा डेटासुद्धा पूर्ण निर्दोष नाही, हे मलाही कळतं: व्हॅक्यूमच्या (प्रकाश नसतानाही उरणाऱ्या) गोंगाटावरून मोजपट्टी लावताना आपण क्वांटमच गृहीत धरतो. पण एक गृहीतक आणि तीन गृहीतकं यांत फरक आहे. कोणती आकृती आधी, यावर आमचं अजून जमलेलं नाही.